उतारवयाची शिदोरी कुणासाठी?

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या मिस्साच्या हेतूंत एका नव्या हेतूची भर पडली आहे. पूर्वी मृतांच्या आत्म्यांसाठी, आजाऱ्यांच्या आरोग्यासाठी, लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मिस्सा सांगितली जाई. आता ती व्हिसासाठी सांगितली जाते आणि महिन्याभराने व्हिसा मिळाल्याची उपकारस्तुती म्हणून पुन्हा सांगितली जाते. घरातला मुलगा किंवा मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेली असते. मिस्सानंतर सॅक्रिस्टीत पेढे येतात, आशीर्वाद दिला जातो, आणि आम्ही सहज विचारतो, "खर्चाची व्यवस्था कशी केलीत?" उत्तर बहुधा तीनच शब्दांत मिळते: "फंड काढला, फादर."

हे शब्द अभिमानाने उच्चारले जातात. त्या अभिमानामागे आयुष्यभराचे कष्ट आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही आज स्पष्टपणे लिहिणे आम्हाला भाग आहे. मुलांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी निवृत्तीचा फंड मोडणे ही चूक आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ती चूक आहेच, पण ज्याला आपण ख्रिस्ती त्याग म्हणून गौरवतो, त्या त्यागाच्या दृष्टीनेही ती चूक आहे. हे वाचून काही पालक आमच्यावर रागावतील. त्यांनी रागवावे, परंतु शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

हा फंड म्हणजे काय, याचा आधी विचार करू. तीस-पस्तीस वर्षे पहाटेची गाडी पकडून चर्चगेट गाठणाऱ्या माणसाच्या पगारातून दरमहा काही भाग कापला गेला, मालकाने त्यात आपला वाटा घातला, आणि १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या आधारे ती रक्कम वर्षानुवर्षे साचत गेली. सरकारी नोकरांना निवृत्तिवेतनाचा आधार असतो. खाजगी नोकरीतल्या माणसाचे पेन्शन मात्र नाममात्रच. २०१४ साली ठरलेली पंधरा हजार रुपये पगाराची मर्यादा आणि पूर्ण ३५ वर्षांची नोकरी धरली, तरी पेन्शनच्या सूत्राने महिन्याला साडेसात हजार रुपयेच हाती येतात. ज्यांची नोकरी मध्येच सुटली, कारखाना बंद पडला, त्यांचे पेन्शन याहूनही कमी. म्हणजे उतारवयाचा खरा आधार पेन्शन नव्हे, फंड आहे.

या रकमेचे महत्त्व कायद्यानेही ओळखले आहे. भविष्य निर्वाह निधीत किंवा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत जमा असलेल्या पैशांवर सावकाराला किंवा बँकेला आपल्या वसुलीसाठी जप्ती आणता येत नाही. माणूस कर्जात कितीही बुडाला तरी त्याच्या म्हातारपणाच्या भाकरीला हात लावायचा नाही, असा त्यामागचा विचार आहे. जिथे न्यायालयाची जप्ती पोहोचत नाही, तिथे एका प्रवेशपत्रासाठी आपण स्वतःच्या हाताने पोहोचतो.

आता ज्या देशाकडे आपली मुले निघाली आहेत, त्या देशाचा कायदा या पुंजीकडे कसा पाहतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. आम्ही ते तपासले, आणि जे आढळले त्याने आम्ही थक्क झालो.

अमेरिकेत तेथील नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला शिक्षणासाठी केंद्र सरकारची मदत हवी असेल, तर त्याला 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो. कुटुंबाचे उत्पन्न किती, मालमत्ता किती, हे त्यात पाहिले जाते. परंतु निवृत्तीसाठी ठेवलेल्या खात्यांतील शिल्लक त्या मालमत्तेत धरली जात नाही. १९७४ च्या कायद्याने सुरू झालेले वैयक्तिक निवृत्ती खाते असो, १९७८ च्या कायद्यातून पुढे आलेले '४०१ के' हे नोकरदारांचे खाते असो, त्यात पाच हजार डॉलर असोत वा पाच लाख, मदत ठरवताना त्या शिलकीची विचारणाच होत नाही. बँकेतली रोकड मोजली जाते, शेअर मोजले जातात. म्हातारपणाची पुंजी मोजली जात नाही.

दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी त्या अर्जात आपोआप स्वतंत्र मानला जातो. त्याच्या आईवडिलांचे उत्पन्न वा मालमत्ता त्याला सरकारी मदत देताना पाहिलीच जात नाही. काही विद्यापीठे, विशेषतः वैद्यक आणि कायदा यांच्या शाखा, स्वतःच्या निधीतून मदत देताना पालकांची माहिती मागतात, हे खरे. पण सरकारी नियमाचा मूळ विचार असा की, पहिली पदवी घेतलेला माणूस आता प्रौढ आहे आणि पुढच्या शिक्षणाचा भार त्याचा त्याने उचलायचा आहे.

तिसरी गोष्ट शिक्षेसारखी आहे. खात्यात पडून असलेली पुंजी मोजली जात नाही, पण ती बाहेर काढली की मोजली जाते. शिक्षण घेणाऱ्याने स्वतःच्या निवृत्ती खात्यातून पैसे काढले, तर ती रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न ठरते. आणि अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहिले जात असल्याने पुढच्या एखाद्या वर्षीची मदत त्यामुळे घटू शकते. शिवाय काढलेले पैसे अर्जाच्या दिवशी बँकेत पडून असतील, तर ते मालमत्ता म्हणूनही धरले जातात. १९९७ च्या कायद्याने उच्च शिक्षणासाठी वैयक्तिक निवृत्ती खाते वेळेआधी मोडल्यास होणारा दहा टक्क्यांचा दंड माफ केला आहे. दंड माफ झाला, तरी उत्पन्नाची मोजणी टळत नाही.

हे आम्ही केवळ माहितीखातर सांगत नाही. आपल्या अनेक भगिनी परिचारिका म्हणून परदेशी स्थायिक झाल्या आहेत, आणि त्यांतल्या काही जणी नोकरी सांभाळून पुढची पदवी घेऊ पाहतात. त्यांनी हे नियम नीट समजून घ्यावेत. तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अभ्यासकाळातले व्याज सरकार भरत असे, ते कर्ज २०१२ च्या जुलैपासून बंद झाले. उरलेल्या सरकारी कर्जाची मर्यादा सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला २०,५०० डॉलर आहे. या मर्यादेपलीकडचा खर्च भागवणारे 'ग्रॅड प्लस' कर्ज २००६ पासून मिळत असे. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी ते १ जुलै २०२६ पासून बंद ठरवले आहे. दारे अशी आखडली की हात आपोआप निवृत्तीच्या खात्याकडे वळतो. या भगिनींना आमचे एवढेच सांगणे की, ज्या पुंजीकडे सरकारही पाहत नाही, तिला तुम्ही सर्वांत शेवटी हात लावा. शक्य तर लावूच नका.

इथून विद्यार्थी म्हणून जाणाऱ्या मुलांची स्थिती वेगळी आहे. त्यांना अमेरिकन सरकारची ही मदत मिळत नाही. विद्यापीठाची शिष्यवृत्ती किंवा अध्यापन-साहाय्यकाचे काम मिळाले तर उत्तम, परंतु एम. एस. च्या विद्यार्थ्यांपेक्षा ते पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला अधिक येते. 'आय-२०' हा कागद मिळवण्यासाठी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते, आणि नेमक्या या टप्प्यावर आपल्या घरांत फंडाचा विषय निघतो. बँकेत रक्कम दिसली पाहिजे, म्हणून फंड काढला जातो. वस्तुतः बँकेचे कर्जमंजुरीचे पत्रही अशा वेळी सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते, हे पुष्कळांना कुणी सांगतच नाही.

आपल्या देशातल्या मदतीच्या योजनांकडे पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातील निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना, अन्य सरकारी सवलत मिळत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत त्यात ठेवली आहे. तेथे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाते. बापाच्या फंडात किती साचले, हे पाहिले जात नाही. म्हणजे इथली योजना घ्या वा तिथली घ्या, मदत देणारा म्हातारपणाची पुंजी मागत नाही. ती मागतो आपल्याच घरातला उतावळेपणा, आणि खरे सांगायचे तर, शेजाऱ्याच्या मुलाला मिळालेला व्हिसा.

आता आमच्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप हिशेबाचा आहे. "फादर, फंडावर आठ-सव्वाआठ टक्के व्याज मिळते आणि शैक्षणिक कर्जाला दहा-अकरा टक्के द्यावे लागते. स्वस्त पैसा घरात असताना महाग पैसा बाहेरून का आणायचा?" हिशेब वरवर बरोबर आहे. पण थोडा पुढचा हिशेब करू. समजा, फंड वीस लाखांचा आहे. तो जपून ठेवला आणि आठ टक्के व्याज धरले, तर महिन्याला सुमारे १३,३०० रुपये घरात येतील. औषधपाणी, वीज, बाजारहाट त्यात कसाबसा निघेल. तेच वीस लाख मुलाच्या नावाने कर्ज घेतले आणि अकरा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेसत्तावीस हजार होतो. अभ्यासकाळातले व्याज साचले तर थोडा अधिक. नोकरीला लागलेल्या, डॉलर कमावणाऱ्या मुलाला हा हप्ता जड आहे, पण अशक्य नाही. उलट तेरा हजार गेलेल्या म्हाताऱ्याला ते दुसरीकडून आणणे अशक्य आहे. पंचविशीतल्या माणसाला कर्ज फेडायला आयुष्य पडले आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला फंड नव्याने जमवायला आयुष्य उरलेले नाही. व्याजातला दोन-तीन टक्क्यांचा फरक ही या सुरक्षिततेची किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे.

शैक्षणिक कर्जाला धोका नाही, असे आम्ही म्हणत नाही. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागते, आईवडील सहकर्जदार होतात, आणि मुलाला नोकरी लागली नाही तर बँक त्यांच्या दारी येते. म्हणूनच घर तारण ठेवतानाही दहादा विचार करा, आणि वाडी विकण्यापूर्वी शंभरदा. पण नोकरी लागली नाही या दुर्दैवाचा विचार दोन्ही बाजूंनी करायला हवा. कर्ज काढले असेल आणि फंड शाबूत असेल, तर वाईट दिवसांत घरात चूल पेटते. फंडच गेला असेल, तर परत आलेला मुलगा आणि निवृत्त बाप एकाच रिकाम्या डब्याभोवती बसतात.

दुसरा आक्षेप नियमाचा आहे: "खुद्द फंडाचा नियमच शिक्षणासाठी पैसे काढू देतो, मग तुमची हरकत का?" देतो हे खरे. सात वर्षांच्या सभासदत्वानंतर स्वतःच्या वाट्यातली निम्मी रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी वा लग्नासाठी काढण्याची मुभा जुन्या नियमात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही मुभा आणखी सैल करण्याचा निर्णय घेतला, आणि शिक्षणासाठी दहा वेळा रक्कम काढण्याची तरतूद ठरवली. मात्र त्याच निर्णयात जमा वर्गणीपैकी पंचवीस टक्के कायम शिल्लक ठेवण्याची अटही घातली आहे. ज्याने दार उघडले, त्यालाही घर पूर्ण रिकामे होण्याची भीती वाटली. आणि कायदा एखादी गोष्ट करू देतो, म्हणून ती शहाणपणाची ठरत नाही. दहावी-बारावीनंतरच्या शिक्षणावाचून मूल अडले असेल, तर थोडी उचल समजण्यासारखी आहे. परंतु हातात पदवी असलेल्या, कमावू शकणाऱ्या प्रौढ मुलाच्या दुसऱ्या पदवीसाठी सर्व पुंजी ओतणे, याला त्या सवलतीचा आधार देता येणार नाही.

तिसरा आक्षेप धर्माचा आहे, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "आईवडिलांनी मुलांसाठी साठवावे, असे संत पौलच म्हणतात ना?" करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तसा दाखला त्यांनी दिला आहे खरा. पण तो दाखला पौल यांनी स्वतःच्या सेवेविषयी दिला. आपला भार करिंथच्या लोकांवर पडू नये, हा त्यांचा मुद्दा होता. त्यातून आईवडिलांनी निष्कांचन व्हावे असा अर्थ काढणे म्हणजे संतांच्या मुखी आपले शब्द घालणे होय. या विषयावर पवित्र ग्रंथात याहून सरळ बोध आहे. आपल्या कॅथॉलिक जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाचा तेहतिसावा अध्याय काढून पाहा. जिवंत असेपर्यंत आपली मालमत्ता मुलाच्याही हाती सोपवू नये, आपण मुलांच्या हाताकडे पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे पाहावे हे बरे, वाटणी करायची ती आयुष्याच्या अखेरीस करावी, असा त्या ज्ञानी पुरुषाचा उपदेश आहे. हा उपदेश कंजूषपणाचा नाही. वृद्ध माणसाची घरातली प्रतिष्ठा कशावर उभी असते, हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले होते.

प्रभू येशूने परुश्यांना एका गोष्टीसाठी कडक शब्दांत फटकारले होते, हे आपण विसरतो. आईवडिलांच्या पोषणासाठी असलेले धन देवाला अर्पण केले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने ढोंगी म्हटले. देवाच्या नावानेसुद्धा म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढता येत नसेल, तर विद्यापीठाच्या नावाने तो कसा काढता येईल? ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवणही हेच सांगते. परमगुरू लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात, कामगाराला कुटुंब पोसून थोडी शिल्लक टाकता येईल इतके वेतन मिळावे, असा आग्रह धरला. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली वृद्धापकाळाचे पेन्शन आणि विमा यांना कामगाराच्या हक्कांत स्थान दिले. जे मिळावे म्हणून ख्रिस्तसभा शतकभर बोलत आली, ते मिळाल्यावर आपण एका सहीनिशी देऊन टाकतो.

चौथा आक्षेप आमच्या पाठीमागे घेतला जातो: "फादरना काय, त्यांना कुठे मुलेबाळे आहेत!" नाहीत. पण पहिल्या शुक्रवारी पवित्र कम्युनियन घेऊन आजाऱ्यांच्या घरी आम्ही जातो. भिंतीवर पदवीचा झगा घातलेल्या मुलाचे छायाचित्र असते, आणि खाटेशेजारच्या स्टुलावर अर्धी तोडलेली औषधाची गोळी असते. पूर्ण गोळी परवडत नाही, म्हणून अर्धी घेतली जाते. "मुलगा पाठवतो की," असे माउली लगबगीने सांगते. आम्ही विचारलेलेही नसते. मुलगा वाईट नसतो. त्याचे घरभाडे असते, हप्ते असतात, पुढे त्याचाही संसार होतो. आणि आईबाप मागत नाहीत म्हणून त्यांना गरज नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. २००७ साली संसदेला आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला, पण सातासमुद्रापार राहणाऱ्या मुलावर कोणती माउली दावा लावणार आहे? जे गृहस्थ एकेकाळी दर रविवारी संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीत पैसे टाकत, तेच निवृत्तीनंतर काही वर्षांनी मागच्या दाराने येऊन त्याच सोसायटीकडे औषधाची चिठ्ठी देतात, आणि "नाव कुठे लिहू नका, फादर," असे म्हणतात. हे पाहायला स्वतःची मुले असावी लागत नाहीत.

या बाबतीत आम्हीही निर्दोष नाही. परदेशी निघालेल्या मुलांचे अभिनंदन आम्ही वेदीवरून करतो. त्यासाठी घरात काय रिकामे झाले, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. इथेच नोकरी धरून संध्याकाळच्या वर्गात पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या मुलीचे नाव आम्ही वेदीवरून कधी घेतले नाही. प्रतिष्ठेची ही चढाओढ वाढवण्यात आमच्या टाळ्यांचाही वाटा आहे. तो आम्ही कबूल करतो.

मग करावे काय? मुलांनी शिकू नये, असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. आमची सूचना साधी आहे. मूल शाळेत असतानाच शिक्षणासाठी वेगळे खाते उघडा आणि त्यातच जमवा. फंड त्यात धरू नका. पदवीनंतर मुलाने दोन-तीन वर्षे नोकरी करावी आणि स्वतःची काही पुंजी घेऊन पुढे जावे. कर्ज घ्यायचे तर मुख्य कर्जदार तोच असावा आणि हप्ता त्याने फेडावा. किती कर्ज, कोणत्या अभ्यासक्रमासाठी, नोकरीची शक्यता किती, हे कागदावर मांडून घरातल्या सर्वांनी, विशेषतः आईने, वाचावे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने उगाच दिलेला नाही.

धर्मग्रामांनीही काही करावे. १९१८ साली वसईतल्या आपल्या समाजाने सहकारी पतसंस्था उभारली आणि पुढे तिची बँक झाली. एकमेकांचा भार उचलण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. प्रत्येक धर्मग्रामात शिक्षणासाठी बिनव्याजी उचल देणारा एक निधी उभा राहू शकतो, आणि त्यातून शिकून कमावते झालेल्यांनी तो पुन्हा भरायचा. आरंभ लहान असेल. उपकारस्तुतीच्या मिस्सानंतरच्या पेढ्यांचे पैसे त्यात पडले, तरी आरंभ होईल.

आणि जे तरुण हे वाचत असतील, त्यांना एकच सांगणे. तुमचे बाबा "फंड काढतो" म्हणतील. ते मनापासून म्हणतील, डोळ्यांत पाणी आणून म्हणतील. त्या वेळी "नको, बाबा" म्हणण्याची जबाबदारी तुमची आहे. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती पाळण्याचा पहिला मोठा प्रसंग कदाचित हाच असेल.